गाळाशी ओळख: सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात पुण्यातल्या एखाद्या पुलावरून खाली पाहिलं, तर कितीतरी ठिकाणी नदीचं पाणी दिसतच नाही, नुसती जलपर्णी दिसते. ती पोसली जाते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. मी या विषयात आले ती या जलपर्णीमुळेच. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी नितळ असतं, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) मर्यादेत असतो, आणि तरीही ही दोन खतं त्यात विरघळलेली राहू शकतात. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या मानकांसाठी केंद्र सरकारच्या २०१५च्या मसुद्यात एकूण नायट्रोजनसाठी लिटरला १० मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. २०१७च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळली. ती राहायला हवी होती, असं मला आजही ठामपणे वाटतं.

सिव्हिल, केमिकल, मायक्रोबायोलॉजी, कुठूनही या कामात येता येतं. मी सिव्हिलची. बारावीनंतर जिवाणूंशी माझी गाठच पडली नव्हती. पीएचडीला पाच लिटरची एसबीआर टाकी माझ्या हवाली झाली, म्हणजे सगळे टप्पे एकाच टाकीत पाळीपाळीने करणारी: पाणी भरायचं, हवा न देता ढवळायचं, मग हवा सोडायची, गाळ, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं. सहा तासांचं एक आवर्तन, दिवसाला चार.

पहिले दोन महिने बरे गेले. मग अमोनिया उतरायचा थांबला. मी हवा वाढवली, गाळ बदलायचा विचार केला, रसायनं नव्याने बनवून सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. तीन आठवडे यात गेले. उत्तर माझ्याच वहीत होतं. रोज सकाळी मी पीएच लिहून ठेवत होते, आणि तो ७.४ वरून हळूहळू ६.२ वर आला होता. नजर अमोनियावर खिळलेली, त्यामुळे शेजारचा रकाना मी वाचलाच नव्हता.

झालं होतं असं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच सावरण्याची पाण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. माझ्या कृत्रिम सांडपाण्यात नायट्रोजन लिटरला ४० मिलिग्रॅम होता, म्हणजे अल्कलिनिटी २८६ च्या आसपास लागणार. मी दिली होती २००. विनाहवेच्या टप्प्यात नायट्रेटचा नायट्रोजन वायू झाला की यातली निम्मी परत मिळते, पण माझा तो टप्पा फारच आखूड होता. खाण्याचा सोडा वाढवला, ढवळण्याची वेळ वाढवली. आठवड्याभरानं नायट्राइटच्या (अमोनिया आणि नायट्रेटमधली पायरी) चाचणीत काचेची नळी गडद गुलाबी झाली आणि मी ती खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहत उभी राहिले. जिवाणू पुन्हा कामाला लागले होते.

तेव्हापासून मी रोजचे आकडे त्याच संध्याकाळी आलेखावर मांडते, सगळे एकाखाली एक. तुम्हीही पहिल्या दिवसापासून मांडा. आणि नमुना काढल्या काढल्या गाळून घ्या. टेबलावर तसाच ठेवला तर बाटलीतले जिवाणू काम करतच राहतात आणि मोजमाप खोटं येतं.

फॉस्फरसचं काम मला जास्त आवडतं. तिथे जिवाणू आधी उलटं वागतात. हवा नसताना ते ॲसिटेटसारखं अन्न साठवतात आणि त्यासाठी पोटातला फॉस्फेट बाहेर टाकतात, त्यामुळे पाण्यातला आकडा चढतो. नवखी मुलं इथे घाबरतात, चाचणी चुकली म्हणतात. हवा सुरू झाली की तेच जिवाणू सोडलेल्यापेक्षा जास्त फॉस्फेट आत ओढतात, आणि तो गाळाबरोबर बाहेर काढता येतो. दक्षिण आफ्रिकेत जेम्स बार्नार्ड यांनी १९७०च्या दशकात हे प्रत्यक्ष केंद्रांत वापरात आणलं. २०११चा ली क्वान यू जल पुरस्कार त्यांना मिळाला. हवेविनाच्या टप्प्यात नायट्रेट शिरला की मात्र हे बिघडतं: दुसरे जिवाणू ते ॲसिटेट आधीच फस्त करतात. म्हणून नायट्रोजन आणि फॉस्फरस वेगवेगळे शिकू नका.

टाकी सुरू करायला लागणारा बियाण्याचा गाळ आणायला एसटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) जाल, तेव्हा हिपॅटायटिस, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लसी आधीच घेतलेल्या असू द्या. बंद चेंबरमध्ये कितीही घाई असली तरी डोकावू नका, आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. कॅन काठोकाठ भरू नका आणि झाकण गच्च लावू नका, वाटेत वायू साठतो. ऑपरेटरकडे बसून त्यांचं लॉगबुक वाचायला मागा. ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) कधी बंद होता, फेस कधी आला, हे त्यातच सापडतं.

परत आल्यावर एक लिटर गाळ मोजपात्रात ओता आणि अर्धा तास शेजारी बसा. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो. तो खाली बसताना वरचं पाणी स्वच्छ होत जातं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. देठावर उभ्या घंटेसारख्या व्हॉर्टिसेला (निरोगी गाळात दिसणारे एकपेशीय जीव) दिसल्या, तर त्याच दिवशी टाकी सुरू करा.