प्रभुभोजनाला बसण्याआधी

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण ठेवून चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेणं. त्याचं मेज मांडायचं काम गेली १४ वर्षं माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी प्याले धुऊन उपडे घालते, पांढऱ्या कापडाला इस्त्री करते. तुमची तयारीही शनिवारीच सुरू करा. रविवारी धावतपळत आलं की श्वास जागेवर यायच्या आत तबक समोर येतं, आणि हात सवयीनेच पुढे होतो.

रात्री बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११वा अध्याय काढा आणि १७व्या वचनापासून वाचा. सभेत बहुधा २३पासून वाचतात, त्यामुळे पत्र लिहिणारा पौल एवढा का चिडलाय ते कळतच नाही. करिंथात लोक एकत्र जमायचे खरे, पण ज्याच्याकडे असेल तो आधीच जेवून घ्यायचा. एक उपाशी, दुसरा प्यायलेला. पुढे 'अयोग्य प्रकारे' खाणारा दोषी ठरेल असं येतं, ते त्या वागण्याला उद्देशून आहे. मला मात्र कित्येक वर्षं ते 'अयोग्य माणसाने' असंच ऐकू यायचं. आठवड्यात कुणावर खेकसले असले की 'आज आपल्याला नको' म्हणत मी मागच्या बाकावर बसायचे. पौल तर म्हणतो, आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं. येशूच्या त्या पहिल्या मेजाशी त्याचा शिष्य पेत्रही होताच की, त्याच रात्री येशूला तीनदा नाकारणारा!

आत्मपरीक्षा करताना 'प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर' एवढ्यावर सुटू नका. माणसांची नावं घ्या. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून मी आणि माझी धाकटी जाऊ पाच महिने बोलत नव्हतो. एका रविवारी तबक माझ्याकडून तिच्याकडे जायचं होतं. दोघींची बोटं एकाच काठावर, नजर मात्र दोघींची खाली. प्याले आम्ही दोघींनीही घेतले. घरी येऊन मत्तय ५:२३-२४ उघडलं: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तरी फोन करायला मला पुढच्या प्रभुभोजनाचा शनिवार उजाडावा लागला. "मशीन तूच ठेव," म्हटलं. ती म्हणाली, "ताई, बॉबिन तुमच्याकडेच राहिलंय."

समोरच्याने फोन उचललाच नाही, तर? तुम्ही केलात ना, मग या.

रविवारी दहा मिनिटं आधी बसा, मोबाइल बंद करून. कॅथलिक असाल तर कम्युनियनच्या (तिथे प्रभुभोजनाला हेच म्हणतात) आधी एक तास काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं. दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये गेला असाल तर तिथल्या पाळकांना किंवा फादरांना आधीच विचारा. सगळीकडे सगळ्यांना घेता येत नाही, आणि नुसतं बसून प्रार्थना करण्यात काही कमीपणा नाही.

भाकर हातात घ्यायची असेल तर यरुशलेमचा बिशप सिरिल याने चौथ्या शतकात नव्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगितलेली रीत मला फार आवडते: राजाला घ्यायचंय, तेव्हा डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धर. एक कणही सांडू देऊ नकोस, असंही तो बजावतो. आमच्याकडे तबक फिरतं, तरी मी हात तसाच धरते. सगळ्यांना मिळेपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. 'एकमेकांची वाट पाहा' हेही त्याच अध्यायात आहे. तेवढ्या वेळात, भाकर देताना येशूने म्हटलेला 'तुमच्यासाठी' हा एकच शब्द मनात धरून बसा. डोळ्यांत पाणी आलं नाही तर ओढूनताणून आणू नका. शेजारणीला आलं का, तेही बघू नका.

रिकामा प्याला समोरच्या बाकाच्या खाचेत हलकेच ठेवा. सगळ्यांनी एकदम आपटले की पाळकांची प्रार्थना ऐकू येत नाही. आणि कृपा करून बाकाखाली ठेवू नका. दर वेळी दोन-तीन मला गुडघ्यांवर बसून शोधावे लागतात.