ताप उतरला तरी चौदा दिवस: मलेरियाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

"भाऊ, चारच दिवसांच्या देऊन द्या न, ताप तर उतरला." नागपुरात पावसाळा लागला की माझ्या औषधांच्या दुकानात हे वाक्य ऐकू येतंच. चिठ्ठीवर प्रायमाक्विन चौदा दिवस लिहिलेलं असतं. गोळी महाग नाही, पण बरं वाटू लागलेल्या माणसाला ती नकोशी होते. मी चौदाच्या चौदा देतो आणि समोरच्याला दोन मिनिटं थांबवतो. त्या दोन मिनिटांत जे सांगतो ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मलेरियाचे मुख्य प्रकार दोन, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. डासाने सोडलेला जंतू आधी यकृतात जातो, तिथे वाढतो, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतो आणि त्यातलं हिमोग्लोबिन खातो. खाऊन जे हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, उरतं ते त्याच्यासाठी विष असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी खडे करून ठेवतो. ताप उतरवणारी क्लोरोक्विनची गोळी हे खडे होऊ देत नाही आणि जंतू त्याच विषाने मरतो. म्हणून दोन-तीन दिवसांत ताप जातो, अंग हलकं होतं.

पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन त्यांचं काहीच बिघडवू शकत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि डास न चावताही तोच थंडीताप परत येतो. पोळ्याच्या सुमारास बरा झालेला माणूस दिवाळीनंतर कुडकुडत येतो आणि म्हणतो, औषध नकली होतं. औषध चांगलंच होतं, ते पूर्ण झालं नव्हतं. झोपलेल्या जंतूंना मारते ती प्रायमाक्विन. व्हायव्हॅक्समध्ये मोठ्या माणसाला ती साधारण रोज 15 मिलिग्रॅम, सलग 14 दिवस देतात.

इथे दोन गफलती वारंवार होतात. पहिली शेजाऱ्याशी तुलना: "त्यांना तर एकाच दिवशी दिली होती." त्यांना फाल्सिपेरम असेल. त्यात यकृतात झोपणारे जंतू नसतात, प्रायमाक्विन एकदाच देतात, तीही रक्तातले जे जंतू डासामार्फत पुढच्या माणसाकडे जातात त्यांना मारायला. गोळी तीच, काम वेगळं. दुसरी गफलत ताकदीची. ही गोळी 7.5 मिलिग्रॅमचीही मिळते आणि 15 चीही. चिठ्ठीवर 15 असताना 7.5 ची स्ट्रिप नेऊन रोज एकच घेतली, तर चौदा दिवसांनंतर औषध निम्मंच पोटात गेलेलं असतं. क्लोरोक्विनच्या स्ट्रिपवर 250 दिसलं तर मात्र घाबरू नका. 250 मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेटमध्ये मूळ औषध 150 मिलिग्रॅमच असतं.

प्रायमाक्विन सुरू करण्याआधी

जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. असं काही दिसलं तर गोळी तिथेच थांबवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. विदर्भात सिकलसेलची तपासणी पुष्कळांची झालेली असते, त्यामुळे "माझं रक्त तपासलेलं आहे" असं लोक खात्रीने सांगतात. पण जी-सिक्स-पीडीची तपासणी वेगळी आहे, ती झाली का ते डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी सांगा.

तपासणीआधीच गोळी

घरात उरलेल्या क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या घेऊन मग रक्त द्यायला जाणं, ही चूक शिकलेल्या घरांतही होते. अर्धवट डोसने रक्तातले जंतू कमी होतात आणि स्लाइडवर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन केलेल्या तपासणीत, दिसतही नाहीत. शिवाय फाल्सिपेरमवर क्लोरोक्विनचा भरवसा राहिलेला नाही. त्याला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन असं एकत्र औषध लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते इथेच बोलायला हवं.

नोकरीसाठी किंवा कामानिमित्त गडचिरोलीकडे, भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात जाऊन आला असाल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. तिकडे फाल्सिपेरमची शक्यता जास्त, आणि तो एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर कूलरच्या टाक्यांत पाणी तसंच राहतं, त्याच दिवसांत डेंग्यूही असतो. प्लेटलेट्स मलेरियातही घटतात, म्हणून नुसता प्लेटलेट्सचा आकडा बघून घरीच डेंग्यू ठरवू नका. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

छोट्या पण महागात पडणाऱ्या चुका

रिकाम्या पोटी गोळी. क्लोरोक्विनने मळमळतं, प्रायमाक्विनने पोटात दुखतं, आणि मग माणूस गोळीच सोडतो. दोन घास वरण-भात खाऊन घ्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस सहसा पुन्हा घ्यावा लागतो, पण डॉक्टरांना विचारूनच. सारखीच उलटी होत असेल तर इंजेक्शनची वेळ आली समजा. क्लोरोक्विनने अंगाला खाज सुटू शकते, नजर थोडी धूसर होते. हे बहुधा जातं. ॲसिडिटीची गोळी आणि क्लोरोक्विन यांत चार तासांचं अंतर ठेवा. हृदयाचा त्रास असेल, किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू असेल, तर ते सांगितल्याशिवाय क्लोरोक्विन घेऊ नका, या दोन्ही औषधांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आणि ही स्ट्रिप लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. थोड्याच गोळ्या लेकराच्या जिवावर बेततात.

फाल्सिपेरम बरा झाल्यावर झटपट तपासणीच्या किटने परत तपासलं तर ती काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. तेवढ्यावरून दुसरा कोर्स सुरू करू नका, स्लाइड करून घ्या.

माणूस गुंगीत असेल, बरळत असेल, झटका आला असेल, लघवी अगदी कमी झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजताही मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि निघताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप सोबत ठेवा.