फेरारीच्या केबिनमधला चिकट थर काढून भाग पुन्हा कसे रंगवावेत

फेरारीची ३६० मोडेना असो की एफ४३०, गाडी कितीही कमी चाललेली असली तरी काही वर्षांनी तिची बटणं, एसीच्या जाळ्या आणि दारांची हँडलं बोटांना चिकटू लागतात. त्या काळातल्या मासेराटीतही हेच होतं. आतलं प्लास्टिक सहसा ठणठणीत असतं. बिघडतो तो स्पर्श मऊ लागावा म्हणून त्यावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रासायनिक साखळ्या तुटतात आणि उष्णतेने हे आणखी वेगाने घडतं. त्या साखळ्या परत जुळत नाहीत, त्यामुळे पावडर चोळणं किंवा पॉलिश लावणं हे चार दिवसांचे उपाय. शिवाय पॉलिशमधलं सिलिकॉन प्लास्टिकवर राहिलं, तर पुढे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. थर पूर्ण काढायचा, अर्धवट नाही.

आधी सगळ्या भागांचे आणि बटणांवरच्या चिन्हांचे जवळून फोटो काढा. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडा आणि एअरबॅगजवळच्या भागांना हात लावण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा. स्टिअरिंगवरची एअरबॅग घरी काढू नका. जुन्या क्लिपा थंडीत कडकडीत होऊन तुटतात, म्हणून केबिन कोमट असताना प्लास्टिकच्या पट्टीने भाग हळूहळू उचकटा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने चामड्यावर कायमचा वण उठतो.

भाग हातात आला की उलटा करून मागचा शिक्का वाचा. एबीएस, पीसी, पीपी अशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं तिथे असतात आणि पुढचं सगळं त्यांवर ठरतं. थिनर किंवा अॅसिटोनने एबीएस आणि पीसी विरघळतात किंवा तडकतात, ते जवळही आणू नका. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पूर्ण केबिनला साधारण एक लिटर पुरतं. तेही आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. मीटरच्या पारदर्शक काचेवर मात्र ते पडू देऊ नका. ती अॅक्रिलिकची असेल तर बारीक तडे जातात.

नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघडा, आसपास ज्योत नको. अल्कोहोलने भिजवलेलं फडकं भागावर दोन-तीन मिनिटं ठेवा. थर डांबरासारखा मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीने एकाच दिशेने खरवडा. फडकं सतत बदलत राहा, नाहीतर काढलेला चिकटाच पुन्हा पसरतो. खाचांसाठी जुना टूथब्रश आणि बांबूची काडी पुरेशी. भाग अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याचा मोह होतो, पण प्लास्टिकला ते सोसेलच असं नाही.

खरी कसोटी बटणांची. बऱ्याच बटणांवर चिन्हं याच थरात असतात, म्हणजे थर गेला की चिन्हंही जातात. अशी बटणं रंगवून त्यांवर ट्रान्सफर, म्हणजे चिन्हांचे तयार छाप, लावावे लागतात किंवा लेझरने चिन्ह पुन्हा कोरून घ्यावं लागतं. याची सोय आधी करा, मगच बटणाला अल्कोहोल लावा. रात्री उजळणाऱ्या बटणांवर चिन्हाची जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर दिवा लागूनही काही दिसणार नाही.

खाली निघालेलं काळं प्लास्टिक एकसारखं दिसत असेल तर ते तसंच ठेवणं उत्तम. रंगवायचंच असेल तर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासा, अल्कोहोलने पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. पीपीवर आधी अॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, मारल्याशिवाय कुठलाच रंग टिकत नाही, तो नखाने सोलून निघतो. मग प्लास्टिकसाठीचा लवचीक सॅटिन (मंद चमकेचा) काळा स्प्रे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून मारा. पहिला हात अगदी विरळ, खालचं प्लास्टिक दिसत राहील इतका. नंतर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आणखी दोन हात. एकाच जाड हातात काम उरकलं तर ओघळ येतात, कडा गोल दिसतात आणि बटणं खाचेत अडकतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम करू नका. दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

हार्डनर घालायचा टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग जास्त टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतं. तो रंग गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्येच मारून घ्या.

गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेला आकसून सुटलेलं डॅशबोर्डचं चामडं मात्र घरी चिकटवू नका. ते प्रवाशाच्या एअरबॅगवरूनही जातं, त्यामुळे जाणकार कारागिराकडेच द्या.

भाग कोरडे लागले तरी किमान २४ तास, शक्य तर आठवडाभर, बसवू नका. कच्चा रंग क्लिपच्या दाबाखाली उमटतो आणि तो डाग घासून जात नाही. सगळे कनेक्टर जोडल्याशिवाय बॅटरी लावून इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो.