मिलिकेल्विनला ईएसआर करायचा असेल, तर आधी टी-वन मोजा

नागपुरात एम.एस्सी. केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हेल्महोल्ट्झ कुंडलांमध्ये डीपीपीएच या रसायनाची कुपी ठेवून ऑसिलोस्कोपवर ईएसआरचा (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनच्या स्पिनने विद्युतचुंबकीय लहरी शोषणे) सिग्नल पाहिलेला असतो आणि सिग्नल क्षीण असेल तर भराभर सरासरी घ्यावी, ही सवय तिथेच जडते. डीपीपीएचमधले स्पिन मायक्रोसेकंदाच्या आत सावरत, म्हणजे मूळ स्थितीत परतत असल्याने ती तिथे खपूनही जाते.

2016 मध्ये फ्रान्समधील साक्ले येथील गटाने सिलिकॉनमधील बिस्मथ, ॲल्युमिनियमचा अतिवाहक रेझोनेटर आणि जोसेफसन पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर (अत्यंत कमी गोंगाटाचा अतिवाहक ॲम्प्लिफायर) वापरून एकाच एकोत (पल्सनंतर स्पिनकडून परत येणाऱ्या सिग्नलात) सुमारे 1700 स्पिन ओळखण्याइतकी संवेदनशीलता गाठली. हे वाचून सगळे ॲम्प्लिफायरच्या मागे लागतात. मीही लागलो होतो. पण मिलिकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत फोनॉन (स्फटिकातील कंपने) जवळजवळ उरत नाहीत, स्पिनना ऊर्जा सोडायला वाट मिळत नाही आणि टी-वन, म्हणजे स्पिनना सावरायला लागणारा काळ, कित्येक मिनिटांवर जाऊ शकतो. ते सावरण्याआधीच पुढचा पल्स दिला की स्पिनच्या दोन्ही ऊर्जापातळ्यांवरील संख्या सारखी होत जाते, एको विरतो, आणि आपण मात्र केबल, सर्क्युलेटर, ॲम्प्लिफायर असे एकेक उचकटत बसतो. म्हणून आधी सॅच्युरेशन-रिकव्हरीने (दोन्ही पातळ्या मुद्दाम सारख्या करून त्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ पाहून) टी-वन मोजा, आणि दोन पल्स-मालिकांमध्ये त्याच्या किमान तिप्पट वेळ जाऊ द्या. रेझोनेटरशी जुळलेले स्पिन पर्सेल परिणामामुळे (रेझोनेटरमुळे स्पिनमधून फोटॉन लवकर सुटत असल्याने) सेकंदभरात सावरू शकतात. मात्र चुंबकीय क्षेत्र जरा सरकवून थांबलात, तर तोच काळ हजार सेकंदांच्या घरात जातो. क्षेत्र बाजूला नेऊन स्पिनना विश्रांती देण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ऐकू नका.

घाबरण्यासारखे यात फारसे नाही. 7 गिगाहर्ट्झला 300 केल्विनवर दहा हजार स्पिनमागे खालच्या पातळीत जेमतेम सहाचे आधिक्य असते, तर 20 मिलिकेल्विनला जवळजवळ सगळेच खाली असतात. एवढे बोल्ट्झमनचे गणित तुम्हाला येतेच. ऑनलाइन क्वांटम प्रमाणपत्रांच्या ढिगाला मी काडीची किंमत देत नाही. प्रत्यक्ष हातकाम शिकणे महत्त्वाचे, म्हणून संशोधनासाठी गाईड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा, कनेक्टर आवळायचा टॉर्क पाना त्यांच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात हातात मिळतो का, हे विचारा.

2023 मध्ये तर शीलाइट या खनिजाच्या स्फटिकातील एकेका अर्बियम आयनाचा स्पिन मायक्रोवेव्ह फोटॉन मोजून टिपला गेला. त्या पद्धतीत स्पिन सावरताना सोडतो तो फोटॉनच सिग्नल असल्यामुळे, टी-वन जितका कमी तितकी मोजणी जलद होते.