जोड-ट्रेलरची गाडी घाटात घालण्यापूर्वी

एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या गाडीने निपाणीजवळचा तवंदी घाट उतरायचा असेल, तर गाडीला इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी ईएससी यंत्रणा आहे, एवढ्यावर विसंबू नये; ती चालू स्थितीत आहे की नाही, हे अड्ड्यावरच पाहून घ्यावे.

किल्ली फिरवताच डॅशबोर्डावर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. तो मुळीच पेटत नसेल, तर तोही बिघाडच समजावा. त्यानंतर चाकांजवळचे वेग-सेन्सर आणि त्यांच्या वायरी पाहाव्यात, कारण गळीत हंगामात चिकोडी-अथणीकडच्या फडांतून येणाऱ्या गाड्यांमुळे रस्त्यावर पडणारा चिखल तिथेच साचतो. स्टिअरिंगचे काम किंवा अलाइनमेंट केले असेल, तर स्टिअरिंग-कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घेतला आहे का, हे गॅरेजवाल्याला विचारावे. सरळ जाणारी गाडी वळते आहे असे यंत्रणेला वाटले, तर ती नको तिथे ब्रेक लावील.

खरा वेळ द्यावा तो जोडणीला. ईएससी इंजिनाचा जोर कमी करते आणि निवडक चाकांना ब्रेक लावते, पण तिचे मुख्य सेन्सर पुढच्या गाडीवर असतात. अचानक लेन बदलताना पुढे बसलेला हिसका शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोहोचताना वाढत जातो, आणि तो ट्रेलर कलंडू लागल्याचे केबिनमध्ये उशिराच कळते. अमेरिकेने 2015 साली 26,000 पौंडांवरील ट्रॅक्टर-ट्रकना (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाड्यांना) ईएससी सक्तीची केली, पण त्या नियमानेही ती ट्रेलरवर बसवायला सांगितलेली नाही. म्हणून प्रत्येक जोडाची पिन व तिचे लॉक, हवेचे दोन्ही पाइप, आणि ट्रेलरला एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास त्याची केबल, हे सारे हाताने ओढून पाहावे. जड ट्रेलर पुढे, हलका मागे जोडावा. माल शक्य तितका खाली आणि घट्ट बांधावा. उंच रचलेल्या मालाला कोणतीही यंत्रणा तारत नाही. (आपल्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर यातले काहीच नसते, तेव्हा वाटेत त्याच्यापासून अंतर राखावे.)

टायरची हवा व ब्रेकचे लायनर नेहमीप्रमाणेच पाहावेत. मग आवारातच हळू वेगात एकदा ब्रेक मारून मागचा ट्रेलर सरळ रेषेत थांबतो का ते बघावे, आणि घाटाच्या माथ्यावर थांबून हबजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, एखादेच चाक जास्त तापले आहे का हे जोखावे. तापले असेल तर तो ब्रेक मोकळा केल्याशिवाय उतरणीला लागू नये.