बूट चावतो कुठे, ते आधी पाहा : लांब पल्ल्याच्या सरावातील पावलांची निगा

अर्धमॅरेथॉनचे २१ किंवा पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवून सराव सुरू केला की, दम आणि पोटऱ्या यांच्याआधी पुष्कळदा पावलेच तक्रार करू लागतात. अशा वेळी मलम शोधण्यापूर्वी मोजे काढून, उजेडात बसून, पावलावरची खूण नेमकी कुठे आहे ते पाहावे. कारण फोड, घट्टा किंवा काळे पडलेले नख ज्या जागी असते, ती जागाच बहुतेक वेळा कारण सांगते.

अंगठ्याचे किंवा त्याच्या शेजारच्या बोटाचे नख काळे पडले असेल, तर ते बोट दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटत आहे आणि नखाखाली रक्त साकळले आहे, असे समजावे. पन्हाळ्यावरून वाघबिळाकडे उतरताना हा त्रास हमखास वाढतो, कारण उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते. बूट लहान असेल तर तो बदलण्यावाचून उपाय नाही. मात्र माप बरोबर असूनही पाऊल सरकत असेल, तर लेस बांधण्याची पद्धत बदलून पाहावी. धावण्याच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा छिद्र असते, जे आपण सहसा मोकळेच सोडतो. प्रत्येक बाजूची लेस त्याच बाजूच्या या छिद्रातून आत घालून तिचा लहानसा फास ठेवावा, मग उजवीकडची लेस डावीकडच्या फासातून आणि डावीकडची उजवीकडच्या फासातून ओवून, टाच मागे टेकवून ओढावी आणि नेहमीची गाठ मारावी. टाच जागेवर धरली जाते आणि बोटांपुढची जागा मोकळी राहते. नखे आडवी सरळ कापावीत. कोपरे खोल काढले तर नख मांसात रुतते.

बूट घेताना कोल्हापूरकरांची एक जुनी सवय आड येते. नवी कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते, तेल लावून चार दिवस वापरली की चामडे सैल होऊन पायाला बसते, हा इथल्या घराघरांतला अनुभव आहे आणि तो चामड्याच्या बाबतीत खराही आहे. धावण्याचा बूट मात्र कृत्रिम जाळीचा आणि फोमचा असतो. तो तसा सैल होत नाही, म्हणून दुकानात जो टोचतो तो रस्त्यावरही टोचणारच. बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पावले थोडी फुगतात आणि लांब धावतानाही तशीच फुगतात. धावताना जे मोजे घालणार तेच घालून, उभे राहून, दोन्ही पायांत बूट घालून पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे आणि दोन पायांच्या मापांत फरक असल्यास मोठ्या पायाचे माप धरावे. करंगळीच्या बाहेरच्या कडेला फोड येत असेल, तर लांबी नव्हे, रुंदी कमी पडते आहे. अशा वेळी एक नंबर मोठा बूट घेण्यापेक्षा रुंद पंज्याचा बूट मागावा. नवा बूट आधी लहान अंतरांसाठी वापरावा. स्पर्धेच्या दिवशी तो पहिल्यांदा घालणे कटाक्षाने टाळावे.

फोड घर्षणाने येतो आणि ओलसरपणा घर्षण वाढवतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून लांब अंतरासाठी घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे मोजे चांगले. मोजा उलटा करून बोटांजवळच्या शिवणीवरून बोट फिरवावे. ती जाड लागली तर फोड तिथेच येईल. नेहमी घासणाऱ्या जागी निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावावे. लहान फोड फोडू नये, झाकून ठेवावा. मोठा, तणावलेला फोड चालू देत नसेल, तर हात व ती जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र करून पाणी काढावे, वरची कातडी मात्र तशीच ठेवून पट्टी लावावी. मधुमेह असलेल्यांनी हे घरी करू नये, डॉक्टरांकडे जावे.

जून ते सप्टेंबर हा कोल्हापुरात सर्वांत अवघड काळ. रंकाळ्याभोवती पहाटे धावून आलेले बूट दुसऱ्या दिवशीही ओलेच असतात आणि तेच पुन्हा घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात : कातडी पांढरी, मऊ पडते, मग चिरते आणि खाजते. हा बुरशीचा संसर्ग आहे. घरी आल्याबरोबर पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत, क्लोट्रिमाझोलचे मलम लावावे आणि खाज थांबली म्हणून लगेच सोडून न देता वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावत राहावे. बुटातील आतला तळवा काढून वेगळा वाळवावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. चुलीजवळ किंवा हीटरपुढे बूट ठेवू नये, कारण उष्णतेने चिकटवण सुटते आणि फोम कडक होतो. परवडत असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. पावसाळ्यात याहून उपयोगी खर्च दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या काही पावलांना टाचेखाली कळ येत असेल, तर बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड, चिवट पट्ट्याला सूज आली आहे. अंतर कमी करावे, पोटऱ्या रोज ताणाव्यात, गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवावी आणि हे दुखणे असेपर्यंत घरातही अनवाणी किंवा सपाट, कडक तळाच्या चपलेवर वावरू नये. बुटाचे आयुष्यही याच वेळी तपासावे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम दबतो, वरून बूट नवा दिसत असला तरीही. म्हणून खरेदीची तारीख आणि धावलेले अंतर लिहून ठेवावे.

एका दुखण्याला मात्र घरगुती उपाय करू नयेत. पावलाच्या हाडावर बोटाने दाबताच एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल, धावताना ते वाढत जात असेल आणि पुढे चालताना किंवा झोपेतही जाणवू लागले, तर हाडाला ताणाची चीर पडलेली असू शकते. धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि गेल्या काही आठवड्यांत अंतर किती वाढवले ते त्यांना नेमके सांगावे, कारण सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर अनेकदा दिसतच नाही.