घर हलवायचा खर्च: आधी टेप, मग फोन

‘टू बीएचके आहे, जुळे सोलापूरहून होटगी रोडला जायचंय, किती घ्याल?’ असं फोनवर विचारलं की समोरून येणारा आकडा तुमच्या सामानाचा नसतो. गावातल्या गावात किलोमीटरला फारसा अर्थ नाही. भाडं ठरतं गाडीच्या मापावर आणि हमाली ठरते सामान किती मजले, किती पावलं वाहायचं त्यावर.

प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा आणि गुणा. लोखंडी कपाट साडेसहा बाय तीन बाय दीड, म्हणजे साधारण 29 घनफूट. अशी दोन कपाटं 58, डबल डोअर फ्रिज 28, वॉशिंग मशीन 12, सुटा केलेला पलंग 25, गादी 18, टेबल-खुर्च्या 20. दीड फुटी खोकं साडेतीन घनफुटांच्या आत बसतं. अशी तीस धरली तर 100. बेरीज 261. सामान विटांसारखं चपखल बसत नाही, म्हणून वर पाव भाग वाढवा: 326. चूक होते ती खोक्यांतच. एकटं स्वयंपाकघर दहा-बारा खोकी खातं, आणि माळ्यावरचं तर कुणी मोजतच नाही.

छोटा हत्तीचा हौदा साधारण सात बाय पावणेपाच फूट. सहा फूट उंच रचलं तर 200 घनफूट. म्हणजे वर मोजलेलं सामान गावात दोन फेऱ्यांत हलतं, पण पुण्याला न्यायचं तर दहा फुटी हौद्याची टाटा 407 ही मोठी गाडी लागते.

आता हमाली. साखर पेठेसारख्या जुन्या भागात 407 बोळात शिरत नाही. ती मोठ्या रस्त्यावर उभी राहते आणि प्रत्येक खोकं तिथवर डोक्यावरून जातं. दारापासून गाडीपर्यंतची पावलं मोजून सांगा. दोन्ही घरांचे मजले सांगा, लिफ्टच्या दाराची रुंदीही. वाड्याच्या जिन्याचं वळण मोजायचं राहिलं की कपाट मध्येच अडकतं, मग दोर बांधून गॅलरीतून सोडावं लागतं. त्या कामाचे पैसे ऐनवेळी ठरतात, आणि ऐनवेळी घासाघीस कसली करणार?

बाहेरगावचा हिशेब वेगळा. पुणे सुमारे 250 किलोमीटर, पण गाडी रिकामी परतणार, म्हणून 500 धरा. भरलेली 407 एका लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास देते असं धरलं तर 55 लिटर डिझेल. त्या दिवसाच्या दराने गुणा. त्यात सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोल मिळवा (चोवीस तासांत परतल्यास जाऊन-येऊन मिळून एकेरीच्या दीडपट) आणि ड्रायव्हरचा भत्ता. हा झाला मालकाचा निव्वळ खर्च. कुणी याहून कमी सांगत असेल तर तुमच्या सामानासोबत दुसऱ्याचंही चढणार आहे किंवा वाटेत आकडा वाढणार आहे. खरंच स्वस्तात जायचं तर पुण्याहून माल घेऊन आलेली परतीची गाडी शोधा. मार्केट यार्डाजवळ चौकशी केली तर मिळू शकते, फक्त दिवस तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

पॅकिंगवर उगाच खर्च करू नका. सोलापुरात जुन्या चादरींचा तुटवडा कुठल्या घरात आहे? फ्रिजला दोन चादरी गुंडाळून वरून सुतळी, काचेच्या भांड्यांत टॉवेल. खोकी मात्र पाच पदरी घ्या. पुस्तकं लहान खोक्यांत, पंधरा किलोच्या आत. नाहीतर तळ सुटतो.

दर घेताना भरणं आणि उतरवणं दोन्ही धरलंय का, जीएसटी वेगळा का, पलंग कोण सोडणार-जोडणार, हे लेखी घ्या. उतरवायची हमाली पलीकडे पोचल्यावर वेगळी मागतात, हे भांडण नेहमीचं. एसी काढणं-बसवणं या दरात नसतं. नव्या घरी तांब्याची पाइप कमी पडली तर तिचे पैसे फुटावर. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत घालू नका. बाहेरगावी जाताना एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपासचे रस्ते टाळा, गाडी खोळंबली की हमालांचा वेळ तुमच्या खिशातून जातो.

प्रत्येक खोक्यावर मार्करने नंबर घाला, यादीची एक प्रत ड्रायव्हरची सही घेऊन स्वतःकडे ठेवा, आणि शेवटचा नंबर घरात येईपर्यंत निदान तिसरा हिस्सा पैसे हातात ठेवा.